भरमाण्णांची टकटक

विजेचं मीटर वाचण्याआधी भरमाण्णा त्याच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे, दार वाजवावं तशी. "उठवल्याबिगर खरं बोलत न्हाय ते," असं वर सांगायचे. बेळगुंदीतली मीटरं त्यांनी अशी पंचवीसेक वर्षं उठवली.

आकडा मोठ्यानं वाचायचे आणि त्यामागोमाग घरची खबर. "वैनी, मिक्सर लई फिरलाय. पावणं आलतं व्हय?" वहिनी पदराआड हसायची आणि चहा टाकायची.

एकदा गंगाक्काचं मीटर जवळजवळ हललंच नव्हतं. म्हातारी एकटी राहायची.

"आक्का, दिवा लावत न्हाईस काय गं?"

"लावला तरी अंधारच दिसतोय. मग कशाला लावू?"

दुसऱ्याच दिवशी भरमाण्णांनी रजा टाकून तिला बसनं बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि म्हातारीनं त्यांना पहिलं काय ऐकवलं, तर "लई म्हातारा झालास की रं!"

मग स्मार्ट मीटरं आली. ती बसवणाऱ्यांत मीही होतो. आता आकडा आपोआप बेळगावच्या कचेरीत जाणार होता. म्हणजे भरमाण्णांची फेरी बंद आणि त्यांच्या नशिबी कचेरीतली खुर्ची. त्या खुर्चीची त्यांना भयंकर धास्ती. तरी लोकांना समजावण्याचं काम साहेबांनी त्यांच्याच गळ्यात घातलं, आणि हा भला माणूस ते अगदी मन लावून करू लागला.

"लई शाणं मीटर हाय, आक्का. हितनंच बेळगावला सांगतंय. कुणी यायचं कामच न्हाय."

"म्हंजे तू बी येणार न्हाईस?"

"मी कशाला?"

"मग नको आमाला."

दुपारपर्यंत सगळी गल्ली 'नको' म्हणून बसली. यांनीच लोकांना फितवलं असं वाटून साहेब कडाडले. भरमाण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, मी लई चांगलं सांगितलं. तेच चुकलं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गल्लीत गेले आणि बेधडक खोटं बोलले. "नव्या मीटरला बी टकटक लागतीच. मी हाय की!" संध्याकाळपर्यंत मी गल्लीतलं शेवटचं मीटर बसवलं. पुढच्याच आठवड्यात त्यांना खुर्ची मिळाली. मला फार वाईट वाटलं, कारण ती मीच त्यांना दिल्यासारखी होती.

महिन्याभरानं रविवारी दुपारी एका तक्रारीसाठी बेळगुंदीला गेलो, तर इस्त्रीचा शर्ट घालून भरमाण्णा गंगाक्काच्या दारात उभे. नव्या मीटरवर दोनदा टकटक, मग वाकून आकडा मोठ्यानं.

मी चेष्टेनं म्हटलं, "अण्णा, हा आकडा कधीच बेळगावला पोचलाय."

"पोचला असंल की. पर आक्का दिवा लावती का न्हाय, ते तिथं कोण इचारतंय?"

तेवढ्यात आतून गंगाक्का ओरडली, "लावलाय रं बाबा! तुजी तारीख हाय म्हणून सकाळधरनं लावलाय!"

आत डोकावलो. भर दुपारी स्वयंपाकघरातला, देवापुढचा, अगदी न्हाणीतलासुद्धा दिवा चालू होता.

"आक्का, बंद कर की आता," भरमाण्णा म्हणाले.

"आदी च्या पी," म्हातारी म्हणाली, आणि आमचा चहा होईपर्यंत तिनं एकही दिवा बंद केला नाही.