एक दगड आणि चिमूटभर राख

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाचारच्या आसपास, माझ्या साळ्याच्या डाव्या डोळ्यावर दगड लागला. साल ऐंशीच्या दशकाच्या मधलं. तो जाम नदीच्या सावरगावकडच्या काठावर होता, मी पांढुर्ण्याच्या काठावर. गोटमार, म्हणजे दोन काठांनी एकमेकांवर दगड मारायचा वर्षाचा खेळ, सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि जे तोडून नेईल तो काठ जिंकतो ते नदीत रोवलेलं पळसाचं झाड अजून उभं होतं.

मी तेव्हा पांढुर्ण्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बायको सावरगावची. दोन काठांमधली लग्नं आमच्याकडे नेहमीची. त्या एका दिवशी जावई इकडे आणि साळे तिकडे उभे राहतात आणि संध्याकाळी एका पंगतीत जेवतात. दगड कोणाचा लागला हे कोणी विचारत नाही. जखमेला देवीच्या देवळातली राख लावतात, आणि ती लावून पुष्कळ जण परत नदीवर येतात.

मी दगड मारत नसे. माझ्या हातात डायरी असे. त्या वर्षी चार वाजून दहा मिनिटांची नोंद केली तेव्हा मागून ओळखीचा पानवाला ओरडला, "ओ पेपरवाले, सासऱ्याच्या गावाले भेता काय?"

दुसरा म्हणाला, "मारला तं बायको जेवाले देनार नाही ना, बाप्पा!"

लोक हसले. मी डायरी खिशात घातली, पायाजवळचा एक दगड उचलला आणि मारला. तो कुठे पडला ते पाहिलं नाही. लगेच मान खाली घालून डायरी काढत होतो. वर पाहिलं तेव्हा समोरच्या काठावर चार-पाच जण एकाला उचलून नेत होते. तसं त्या दिवशी दर थोड्या वेळानं कोणाला तरी नेत होतेच. नेलेल्यांमध्ये साळा होता हे मला संध्याकाळी कळलं.

सासरी पोचलो तेव्हा त्याच्या गालावर राखेचे ओघळ होते. सासूबाईंनी पापणी उघडून राख आत भरली होती.

"आई, डोयात?" बायकोनं विचारलं.

"कपाळ फुटलं तं कपाळाले लावतो. डोया फुटला तं कोठी लावू?"

सौसरला डोळ्यांचा डॉक्टर बसत असे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं साळा, सासूबाई आणि मी निघालो. बस संत्र्याच्या बगिच्यांमधून चालली होती. फळं अजून हिरवी होती.

"तुमच्या काठचे लोक नेम धरत नाहीत, भाऊजी," साळा म्हणाला. "पन लागते बरोबर." मग थोड्या वेळानं, "मी तुमालेच पाहून राहिलो होतो. म्हटलं, भाऊजीची डायरी कोठी गेली?"

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. तो आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

डायरी खिशात होती ते एखाद मिनिट. तेवढ्यात त्यानं मला पाहिलं असेल तर दगडही पाहिला असेल. पण त्या दुपारी नदीवर चहा घेतानाही मी डायरी खिशात घातली होती. एकदा की दोनदा, ते आठवत नाही. कदाचित त्यानं तेव्हा पाहिलं असेल. सौसर येईपर्यंत मी हेच उलटसुलट करून पाहत होतो. त्याला जागं करून विचारता आलं असतं. विचारलं नाही.

दवाखान्यात लोधीखेड्याचा एक म्हातारा शेतकरी मोतीबिंदू दाखवायला आला होता. साळ्याकडे पाहून म्हणाला, "पांढुर्ण्याकडचे दिसता. यंदा पोळा गोड लागला वाटते."

"एका डोयानं तुमी बी गोडच दिसून राहिले, काका."

म्हातारा खूप हसला. डॉक्टर हसले नाहीत. डोळा धुताना त्यांनी विचारलं, "आँख में राख किसने डाली?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पट्टी बांधली आणि आठव्या दिवशी बोलावलं. बाहेर बाकावर सासूबाईंनी मला विचारलं, "जवाईबापू, तुमी पेपरात लिहिता, तुमाले कळते. डोया गेला तं राखीनंच जाईन काय?"

"माहीत नाही," मी म्हणालो. उत्तर खरं होतं.

त्या आठ दिवसांत त्यांनी मला तोच प्रश्न आणखी तीनदा विचारला. पाण्याला जाताना देवळावरून जावं लागतं म्हणून त्या लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. माझी बातमी तोवर छापून आली होती. तिच्यात "दोन्ही बाजूंचे अनेक जखमी" असं होतं. साळा त्या अनेकांत होता.

आठव्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा सौसरला गेलो. पट्टी सोडली. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून बोटं दाखवली.

"उजेड दिसते," साळा म्हणाला. "बोटं नाही."

मी डॉक्टरांना विचारलं, दगडानं की राखेनं?

"अब कैसे बताएँ? दोनों से हुआ होगा।"

परतीच्या बसमध्ये साळा पुढच्या बाकावर बसला. मी सासूबाईंना सांगितलं, "याले लागलं त्या वक्ताले मीबी एक दगड मारला होता."

त्या माझ्याकडे वळल्या. "कोनाले?"

"पाहिलं नाही."

"लागला काय कोनाले?"

"ते बी माहीत नाही."

"मंग काहून सांगून राहिले?"

त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. सांगितल्यानं त्यांचं ओझं कमी झालं की आणखी एक वाढलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. साळ्यानं मान वळवली नाही. त्याला ऐकू गेलं का, हेही मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवळातून राख आणली नाही. मी नदीवर गेलो नाही. पानवाल्याला विचारून बातमी लिहिली. साळा सकाळी दहापासून सावरगावच्या काठावर होता.