जनीबाईंची फेरपरीक्षा

जनी सदा पाष्टे या श्रीवर्धन आणि आसपासच्या गावांत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालतात. चौतीस वर्षं झाली. पद्धत पहिल्या दिवसापासून तीच. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं, कोमट खोबरेल तेलाने पाठ, मांड्या, तळवे चोळायचे, मग उताणं करून छाती आणि पोट. डाळीचं पीठ आणि हळद लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं. शेवटी टाळूवर तेल, नाकात एक थेंब, दोन्ही कानांत दोन-दोन थेंब आणि धुरी. हे सगळं पस्तीस मिनिटांत. त्यानंतर बाळंतीण, तिला एक तास.

या कामावर देखरेख नव्हती असं कोणी म्हणू नये. प्रत्येक घरात सासू स्टूल घेऊन न्हाणीघराच्या दारात बसत असे. पाणी किती ऊन, हात किती जोरात, तेल किती थेंब, हे सगळं तिथून ठरायचं. जनीबाईंचं मूल्यमापन रोज व्हायचं आणि निकाल त्याच जागी, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा लागायचा.

मग नियम आला. मालिश करणाऱ्या सगळ्यांनी नोंदणी करायची. समुद्रावरच्या रिसॉर्टमधले असोत, मोडलेलं-मुरगळलेलं चोळणारे असोत की घरोघरी जाणारे असोत, तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक दिल्यावरच क्रमांक मिळणार.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी जनीबाईंना बोलावून घेतलं.

“आतापर्यंत प्रत्येक बाळंतिणीला मी तुमचा फोन नंबर देत होतो,” ते म्हणाले. “एक तारखेनंतर नोंदणी क्रमांक असेल त्यांचाच देता येईल.”

“चौतीस वर्सांत एक पोर हातातनं निसटलं न्हाय माज्या.”

“मला ठाऊक आहे. पण ते लिहायला कागदावर रकाना नाही.”

पूर्वी बाळंतपणं घरात व्हायची तेव्हा सासवा निरोप पाठवायच्या. आता सगळी बाळंतपणं प्रसूतिगृहात होतात आणि नंबरही तिथूनच जातो. म्हणजे क्रमांक नसला तर कोणी बोलावणार नाही, एवढा साधा हिशोब होता. जनीबाईंचं वय एकसष्ट. मुलगा पनवेलला कंपनीत आहे. तो म्हणाला, “आये, आता बस घरात.” जनीबाईंनी दोन दिवस घरात बसून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी अर्ज भरला.

परीक्षा म्हसळ्याच्या एका सभागृहात होती. नऊ जण आले होते. जनीबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर धर्माजी बसले होते. ते कबड्डीतल्या पोरांचे मुरगळलेले पाय चोळतात. त्यांनी चौकशी करून ठेवली होती.

“वहिनी, सोपं हाय,” ते म्हणाले. “हे करता काय, ते करता काय, असं इचारतात. सगळ्याला न्हाय म्हनायचं. नाकात तेल? न्हाय. कानात? न्हाय. मान मोडता? न्हाय. सुटलो.”

“पन मी घालते तेल.”

“त्यांना काय दिसतंय इथनं?”

धर्माजी आधी आत गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. मालिश करण्यापूर्वी हात साबणाने धुता का, या प्रश्नालाही त्यांनी नाही म्हटलं होतं. त्यांना पुढची तारीख मिळाली.

जनीबाई आत गेल्या. टेबलामागे तिशीच्या आतली एक मुलगी बसली होती. राही तिचं नाव, शिक्षण फिजिओथेरपीचं, परीक्षक म्हणून नेमलेली. जनीबाईंनी खुर्चीत बसायच्या आधी तिच्याकडे नीट पाहिलं.

“तू बाजारपेठेतल्या माधव मास्तरांची ना? मला वाटलंच. कपाळ तेच हाय. तुजं डोकं जरा लांबट होतं, गोल करायला दीड म्हयना लागला मला.”

“जनीमावशी, इथे मी परीक्षक आहे,” राही म्हणाली आणि कपाळावरचे केस सारखे केले. “प्रश्न विचारते. ज्याच्यावर मालिश करायची त्याची आधी संमती घेता का?”

“बाळाची?”

“बाळाच्या आईची. पण बाळ रडत असेल तर थांबता का, हेही त्यात येतं.”

“थांबते. रडनाऱ्या पोराला तेल लावून उपयोग काय?”

राहीने खूण केली. पुढचे अकरा प्रश्न असेच गेले. बाळंतिणीची पोटरी सुजलेली आणि गरम लागली तर काय करता, यावर जनीबाई म्हणाल्या, “हात लावत न्हाय. डॉक्टरकडं धाडते.” राहीने वर पाहिलं आणि खूण जरा मोठी केली.

मग तेरावा प्रश्न आला.

“बाळाच्या नाकात किंवा कानात तेल घालता का?”

धर्माजींनी पढवलेलं उत्तर जनीबाईंना पाठ होतं. पण समोर बसलेल्या मुलीच्या दोन्ही कानांत त्यांनी स्वतः चाळीस दिवस तेल घातलं होतं. तिला तोंडावर नाही कसं म्हणणार?

“घालते,” त्या म्हणाल्या. “तुज्यापन घातलंय.”

राहीने पेन खाली ठेवलं.

“माझा उजवा कान सातवीपर्यंत वाहायचा, मावशी.”

“तेलानं?”

“तेलानंच असं मी म्हणत नाही. पण बाळाच्या कानात तेल घालू नये, नाकात तर अजिबात नाही. ते श्वासाबरोबर छातीत उतरू शकतं. या प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं तर बाकी सगळं बरोबर असूनही मला तुम्हाला पास करता येत नाही.”

दहा आठवड्यांनी फेरपरीक्षा ठरली. या वेळी प्रात्यक्षिक खऱ्या घरी, खऱ्या बाळावर, परीक्षकासमोर. त्यासाठी प्रसूतिगृहाने त्यांना एक घर द्यायचं होतं. फेरपरीक्षा एकदाच देता येत होती.

परतीच्या एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा जनीबाईंनी त्याला विचारलं, “विनेश, तुजा कान वाहायचा काय रे ल्हानपनी?”

“व्हय,” विनेश म्हणाला. “कोणी सांगितलं?”

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जनीबाईंनी हाताखालून गेलेल्या सव्वीस जणांना हाच प्रश्न विचारला. त्यांत किराणा दुकानदार होता, सुपारी सोलणाऱ्या दोघी बहिणी होत्या, एक हवालदार होता. हवालदाराने हे कोणत्या कारणासाठी विचारताय असं आधी विचारलं आणि मग डावा कान सांगितला. सव्वीसपैकी आठ जण हो म्हणाले. यातून काहीच सिद्ध होत नाही, तेल न घातलेल्या माणसांनाही विचारायला हवं होतं, असं राहीने नंतर त्यांना समजावलं. तेल न घातलेला माणूस जनीबाईंच्या ओळखीत नव्हता.

त्यांनी आणखी कोणाला विचारलं नाही. आठ त्यांना पुरेसे होते.

फेरपरीक्षेसाठी मिळालेलं घर गोदावरीकाकूंचं निघालं. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची सुपारीची बाग आहे. काकूंचं वय त्र्याहत्तर. मुलगा देवव्रत पुण्याला नोकरी करतो. सून गौरी बँकेत असते, ती बाळंतपणासाठी सासरीच राहिली होती. काकूंच्या धाकट्या जावेची, दोन्ही नणंदांची आणि स्वतः देवव्रतची न्हाणी काकूंनी त्याच स्टुलावर बसून पार पाडली होती. ते स्टूल लाकडी आहे आणि दुसऱ्या कामाला वापरलं जात नाही.

नाळ पडल्यावर बाराव्या दिवशी पहिलं न्हाणं ठरलं. जनीबाई साडेआठला पोचल्या. गळ्यात ‘परीक्षार्थी’ लिहिलेलं ओळखपत्र होतं. राही आधीच आली होती आणि न्हाणीघराच्या दाराशी एकोणीस मुद्द्यांचा कागद घेऊन उभी होती. प्रात्यक्षिक चालू असताना परीक्षकाने बोलायचं नाही, असा नियम होता. तिने तो जनीबाईंना आणि गौरीला आधीच सांगितला.

“ही कोण गो?” काकूंनी स्टूल घेऊन येत विचारलं.

“परीक्षा घेनारी. माधव मास्तरांची राही.”

“हिची परीक्षा तू घ्यायचीस की तुझी हिने?” काकू स्टुलावर बसल्या. “बरं. पाणी बघ आधी. फार ऊन वाटतंय मला.”

जनीबाईंनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं दाखवली, पाटावर बसून पाय लांब केले. गौरीने बाळ दिलं.

“तेल लावू काय?” जनीबाईंनी गौरीला विचारलं.

“म्हणजे? लावा ना.”

“मग हिला काय मुहूर्त काढायला बोलावलंय?” काकू म्हणाल्या.

मग जनीबाईंनी बाळालाही विचारलं. बाळाने जांभई दिली. राहीने पहिल्या मुद्द्यासमोर खूण केली.

पाठ झाली, मांड्या झाल्या. जनीबाई पुढे वाकल्या की ओळखपत्र बाळावर लोंबायचं.

“ते गळ्यातलं मागे टाक. बाळाच्या डोळ्याला लागेल,” काकू म्हणाल्या.

ओळखपत्र दर्शनी भागी असावं, हा मुद्दा चौथा होता. जनीबाईंनी राहीकडे पाहिलं. राहीला बोलता येत नव्हतं. जनीबाईंनी ओळखपत्र पाठीवर टाकलं. राहीने थोडा वेळ विचार केला आणि चौथ्या मुद्द्यासमोरही खूण केली.

पीठ झालं, पाणी झालं. बाळाला पंच्यात गुंडाळून जनीबाईंनी पुन्हा पायांवर घेतलं. तेलाची वाटी पाटाशेजारी तशीच होती.

“हं. आता कान,” काकू म्हणाल्या.

“काकू, कानात न्हाय घालत मी आता. नाकात पन न्हाय.”

काकूंनी वाकून वाटीत पाहिलं.

“का? तेल संपलं?”

“तेल हाय. घालायचं बंद केलंय. पोरांचे कान वाहातात.”

“कोणाचे वाहिले? माझ्या देवव्रतचे वाहिले?”

“वाहायचे,” जनीबाई म्हणाल्या. “तुम्ही लसणीचं तेल गरम करून घालायच्या त्यावर.”

गौरी आतून म्हणाली, “आई, डॉक्टरसुद्धा नको म्हणाले आहेत.”

“त्या डॉक्टरला कोणी न्हाऊ घातलं ते विचार.”

“मी न्हाय घातलं,” जनीबाई म्हणाल्या. “ते पालीचे.”

काकूंनी पाय खाली सोडले. “हे बघ जनी. या घरात पन्नास वर्षं जे झालं ते असंच झालं. तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुसरी बघते. आत्ता बघते.”

काकू नुसतं बोलत नव्हत्या. त्यांनी याआधी दोन बायकांना अर्ध्या न्हाण्यातून घरी पाठवलं होतं. काम अर्धवट राहिलं तर राहीला कागदावर ‘अपूर्ण’ लिहावं लागणार होतं, आणि पुढची तारीख नव्हती. राहीच्या कागदावर सतरा खुणा झाल्या होत्या. अठरावा मुद्दा नाक आणि कानाचा होता. तिने पेन त्याच्यावर धरलं होतं आणि ओठ घट्ट मिटले होते.

जनीबाईंनी बाळाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने वाटी उचलली आणि काकूंच्या पुढे केली.

“तुम्ही घाला. तुमचं नातवंड हाय. मी धरते डोकं, हलनार न्हाय.”

काकूंनी वाटी घेतली. स्टूल पुढे सरकवलं. करंगळी तेलात बुडवून बाळाच्या कानाजवळ नेली. बाळ त्यांच्याकडे बघत होतं, निदान तसं वाटत होतं. काकूंच्या करंगळीवरचा थेंब गोल झाला, लांब झाला, पण त्यांनी हात पुढे नेला नाही.

“केवढं घालायचं असतं गो?” त्यांनी विचारलं.

“मला काय म्हाईत?” जनीबाई म्हणाल्या. “ते तुम्ही सांगायच्या.”

थेंब पंच्यावर पडला. काकूंनी पन्नास वर्षं किती थेंब ते सांगितलं होतं. घातला मात्र एकही नव्हता. कान एवढा लहान असतो हे स्टुलावरून कधी दिसलं नव्हतं, असं त्या नंतर गौरीला म्हणाल्या. त्या क्षणी त्या एवढंच म्हणाल्या, “आज राहू दे.”

वाटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवली. मग राहीकडे वळून जरा चढ्या आवाजात विचारलं, “टाळूवर तरी चालतं, की तिथेही कायदा आहे?”

राहीने नियमाकडे दुर्लक्ष केलं. “चालतं काकू. फक्त दाबायचं नाही.”

जनीबाईंनी टाळूवर तेल ठेवलं. दाबलं नाही. मग ओव्याची धुरी केली, नेहमीपेक्षा थोडी, कारण राही दारातच उभी होती. बाळ गौरीकडे गेलं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

कागदाच्या शेवटी ‘प्रात्यक्षिकास उपस्थित व्यक्तीची सही व शेरा’ अशी जागा होती. राहीने कागद काकूंपुढे धरला. काकूंनी चष्मा मागवला. एकोणीसच्या एकोणीस मुद्दे वाचले. चौथ्यापाशी थांबून म्हणाल्या, “ओळखपत्र मी मागे टाकायला लावलं, ते बरोबरच होतं.” मग मोडी वळणाच्या अक्षरात सही केली आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं: ‘हात चांगला. धुरी कमी पडली.’

राहीने शेरा वाचला. लहान बाळाला धुरी देऊच नये, हे तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तिने घड्याळ पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि कागद पिशवीत ठेवला. नोंदणीचं नूतनीकरण तीन वर्षांनी असतं.

जनीबाई हात पुसत उठल्या. “झालो काय पास?”

“क्रमांक महिन्याभरात येईल, मावशी.”

“उद्या किती वाजता येणार?” काकूंनी विचारलं. प्रश्न जनीबाईंना होता. पुढे सरकवलेलं स्टूल त्यांनी मागे नेलं नव्हतं.

“साडेआठला. एसटी सव्वाआठला येते.”

“पाणी मी तापवून ठेवते,” काकू म्हणाल्या. “तुझं फार ऊन होतं.”