माझे वाकडे डाग

परवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या राळेचा वास आला आणि मला नंदुरबारचं सासर आठवलं. साठच्या दशकात, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मी तिथे एक प्रीअ‍ॅम्प जोडला होता, रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक आवाज सावरून पुढे पाठवणारा. माहेरी, खांडबाऱ्याला माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्याकडेच मी राळ लावून तारांना कथलाचे डाग द्यायला शिकले होते. त्या प्रीअ‍ॅम्पला पुढे आवाज मोठा करणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर कोणता लावायचा, यावरून घरात वाद झाला. थोरले दीर लग्नांत लाउडस्पीकर लावत. त्यांचा आग्रह त्यांच्या भल्यामोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा, माझा वडिलांनी दिलेल्या छोट्याचा. "बाईमाणूसले त्यामा काय समजस?" दीर म्हणाले. मी पदर खोचला. "आधी आयका, मंग बोला." कोणता वाजतोय ते दिसू नये म्हणून सगळ्यांना पाठ फिरवून बसवलं आणि एकच रेकॉर्ड दोन्हींवर वाजवली. मोठ्यावर गाण्याखाली सतत घरघर येत होती. छोटा सुरू झाला तसा गाणारीचा श्वासही ऐकू येऊ लागला आणि सासऱ्यांनी हात वर केला. "हाईच ठेवा. गानारीना श्वास आयकू ई ऱ्हायना." दीर उठताना प्रीअ‍ॅम्पकडे बघत पुटपुटले, "बापनीच जोडी दिधं व्हई." तेव्हा मी बटण बंद केलं, प्रीअ‍ॅम्प उलटा करून त्यांच्यापुढे धरला आणि माझे वेडेवाकडे डाग दाखवले. "मन्हा बापनं काम इतलं वाकडं नही ऱ्हास. हाई मन्हंच शे." थोरल्या दिरांना उलट बोलले म्हणून सासूबाईंनी मला तिथल्या तिथे त्यांची माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. आता माझी ऐंशी उलटली, दीरही राहिले नाहीत, तरी ती मागायला हवी होती असं मला एकदाही वाटलेलं नाही.