बाईंचं ‘राहू दे’

इस्त्रीच्या दुकानावरची खोली म्हणजे गाण्याच्या बाईंचा क्लास. खालून वाफेचा वास वर यायचा, वरून सूर खाली जायचे, आणि कोणाला किती येतं ते आपल्याला बाईंच्या आधी कळतं असं इस्त्रीवाला छातीठोकपणे सांगायचा. क्लासला येणारी सगळी कॉलेजची पोरं. कोणी दातांचा डॉक्टर व्हायला निघालेलं, कोणी हिशेब शिकणारं. दिवसभर बाकांवर बसून आंबलेली ही मंडळी संध्याकाळी जिना चढून यायची आणि बाईंच्या पेटीसमोर बसायची. आधी गळा, मग उभं राहणं. उभं राहण्यासाठी फळ्यांचा एक खोका होता, तो रंगमंच. माईक म्हणून हातात बिघडलेली बॅटरी. खोक्यावर चढल्यावर हातांचं काय करायचं, शब्द विसरला तरी चेहऱ्याने चुगली कशी करायची नाही, टाळ्या पडल्या की पळत का सुटायचं नाही, हे सगळं बाई तिथे शिकवायच्या.

शिकवायच्या खऱ्या, पण बोलायच्या फार कमी. मध्ये बडबड केली की सूर मोडतो हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे क्लासमधला त्यांचा शब्दकोश अगदी आटोपशीर होता. चुकलं की ‘पुन्हा’. बरं झालं की ‘हं’. आणि कोणी चालीत पदरचं काही घातलं, की पेटीवरचं बोट न उचलता ‘राहू दे’. एवढ्या भांडवलावर त्यांनी पोरांच्या कितीतरी तुकड्या मंचावर उभ्या केल्या होत्या, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

यंदाच्या पोरांत एक मुलगी होती, तिला सगळे मुकी म्हणायचे. बोलायची वेळ आली की ती जमिनीकडे बघायची. गायला लागली की मात्र खालच्या दुकानातली इस्त्री थांबायची. तिला स्वतःला यातलं काही पटत नव्हतं. लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून तारीफ करतात अशी तिची समजूत. शेवटी तिने मनाशी एक ठरवून टाकलं. सगळ्या कॉलेजांची मिळून एक मोठी मैफल व्हायची, तिच्या निवडीला गायचं. निवड झाली तर आपल्यात काहीतरी आहे. नाही झाली तर गाणं बंद, मुकाट्याने नोकरीच्या परीक्षांना लागायचं. हे तिने फक्त बाईंना सांगितलं होतं, तेही जिना उतरता उतरता.

निवडीसाठी बसवलेलं गाणं होतं घरी परतणाऱ्या माणसाचं. त्यात ‘दार’ हा शब्द यायचा आणि तिथे चाल सरळ वर चढायची. एका संध्याकाळी मुकीने ती वर नेलीच नाही. शब्द अर्धाच खाली सोडला, क्षणभर थांबली, दाराशी येऊन आत जावं की जाऊ नये अशा विचारात पडलेल्या माणसासारखी, आणि मग हळूच सूर उचलला. बाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे गाणं शिकवून त्यांना ही जागा कधी सुचली नव्हती. डोळे भरून आले. ते पोरीला दिसू नयेत म्हणून त्यांनी मान पेटीत घातली आणि म्हणाल्या, “राहू दे.”

निवडीच्या दिवशी बाई सभागृहात शेवटच्या रांगेत बसल्या. मुकी मंचावर आली. हात जिथल्या तिथे, चेहरा शांत, श्वास नीट. बाई त्या शब्दाची वाट बघत खुर्चीच्या कडेवर येऊन टेकल्या. शब्द आला आणि सरळ वर गेला. स्वच्छ, सपाट, घडी घातलेल्या सदऱ्यासारखा. बाईंना वाटलं आपलंच लक्ष नव्हतं. त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलंसुद्धा, की दार येऊन गेलं का? त्याने मागच्या दरवाजाकडे बोट दाखवलं.

निवड दुसऱ्याच कॉलेजच्या एका मुलाची झाली. मुकीबद्दल परीक्षक म्हणाले की तयारी उत्तम आहे, पण हिचं स्वतःचं यात काही दिसलं नाही. बाई सुन्न झाल्या. रागही आला, इतका की मुलीला न भेटता त्या तरातरा घरी निघून आल्या. मुकी त्यानंतर क्लासला आलीच नाही.

मग बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. इतकी सुंदर जागा हातात असताना पोरीने ती गाळली का? घाबरली म्हणावं, तर आवाज कुठे कापला नव्हता. दुसऱ्या कोणाकडे शिकायला लागली असेल, आणि त्या शहाण्याने कान भरले असतील? यजमानांचं मत पडलं की या वयात प्रेमाबिमाचं काहीतरी असणार. बाई म्हणाल्या की प्रेमात पडलेली मुलगी ती जागा दुप्पट लांब घेईल. फोन केला तर तो आईने उचलला आणि मुलगी अभ्यासाला बसली आहे एवढं सांगून ठेवला. आपलं नेमकं चुकलं कुठे तेच बाईंना कळेना. पेटीवर बसल्या की बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडायला लागली, आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

उलगडा केला तो दातांच्या डॉक्टरने. त्याने एका ओळीच्या शेवटी छोटीशी मुरकी घेतली. बरी होती, म्हणून बाई म्हणाल्या, राहू दे. पुढच्या खेपेला पठ्ठ्याने ती घेतली नाही. बाईंनी पेटी थांबवली आणि विचारलं की मुरकी कुठे गेली.

“तुम्हीच म्हणालात ना, राहू दे.”

“मग?”

“मग राहू दिली.”

बाईंनी मग एकेकाला विचारलं, मी राहू दे म्हणते तेव्हा तुम्ही काय समजता? खोलीत एकच गलका झाला. निम्म्यांच्या मते राहू दे म्हणजे ठेव. निम्म्यांच्या मते राहू दे म्हणजे कशाला उगाच, सोड. हिशेब शिकणारी म्हणाली की बाईंची मान वर असेल तर ठेवायचं आणि खाली असेल तर सोडायचं, हे ती पहिल्या वर्षातच शिकली. क्लासच्या मागच्या खोलीतच बाईंचं घर होतं, तिथून यजमान म्हणाले की त्यांचा तर संसार या शब्दावर चाललाय. चहा टाकू का विचारलं की राहू दे म्हणजे नको, आणि दिवा मालवू का विचारलं की राहू दे म्हणजे चालूच असू दे. सगळे हसले. बाईंना मात्र पेटीत घातलेली आपली मान आठवली.

क्लास तसाच टाकून त्या मुकीच्या घरी गेल्या. आईने दार उघडलं, आणि परीक्षा तोंडावर आली आहे असं सांगून का होईना, आत घेतलं. मुकी खिडकीशी पुस्तकं मांडून बसली होती. बाईंनी बसायच्या आधीच विषय काढला. ती जागा त्यांना आवडली होती, ठेव असंच त्यांना म्हणायचं होतं, हे त्यांनी जमेल तसं सांगितलं. सांगताना वाक्यं अडखळत होती, कारण इतकं सलग बोलायची त्यांना सवयच नव्हती.

मुकीने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बाई.”

“रडू आलं होतं गं मला.”

मुकी पुस्तकाचा कोपरा दुमडत आणि उलगडत राहिली. मग तिने सांगितलं की ती जागा तिने घेतली नव्हती, आपोआप आली होती, आणि ती गळ्यातून काढून टाकायला तिला फार मेहनत पडली. रोज आरशासमोर उभी राहून काढली. निवडीच्या आदल्या दिवसापर्यंत ती मध्येच डोकं वर काढायची. आता परवा सहज गुणगुणून बघितली, तर येत नाही. शब्द सरळ वरच जातो.

बाईंना वाटलं, आपण हिच्या पाया पडलो तरी कमीच आहे. इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात मुकीने, जमिनीकडे बघत, एवढे दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला.

“बाई, गाणं सोडू का?”

उत्तर बाईंच्या ओठांवर तयारच होतं. वर्षानुवर्षांचं, सवयीचं. तोंड उघडलंही होतं. पण तो शब्द त्यांनी तसाच गिळला आणि दुसरा शोधायला लागल्या. आई स्वयंपाकघरात भांडी लावायची थांबली.

“सोडू नकोस,” बाई म्हणाल्या. “ती जागा नाही आली तर नाही. तू सोडू नकोस. मला ऐकायचंय तुला.”

मुकीने वर बघितलं. या वेळी बाईंनी मान खाली घातली नाही, डोळे वाहत होते तरी.

“म्हणजे येऊ मी उद्या?”

“ये,” बाई म्हणाल्या, आणि त्याचा भलता अर्थ निघू नये म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या, “ये.”