नंदीचा दुसरा कान

देवाशी माझं बरीच वर्षं बोलणं बंद होतं. बारावीला चांगले गुण मिळवूनही घरच्यांनी मला उल्हासनगरच्या बाजारात, कॅम्प तीनमध्ये, शिवलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायला बसवलं आणि भावाला कॉलेजात घातलं. तेव्हा मी महादेवाला रडून विनवलं होतं. त्याने ऐकलं नाही. भावाने पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं, ते वेगळंच. धागे कापता कापता मी शिवण शिकले, मशीन घेतलं, मग गाळा. आज त्याच बाजारात माझं दुकान आहे आणि भाव पाडून मागणारे व्यापारी माझ्या तोंडी लागत नाहीत. राग मात्र तसाच राहिला.

त्या रागातूनच चाळिशीच्या उंबरठ्यावर वकिलीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, दिवसभर दुकान, घरी आल्यावर असाइनमेंट आणि कलमांचं पाठांतर. वर्गातली मुलं म्हणायची, "आंटी, टेन्शन मत लो, हो जाएगा." मी त्यांच्यावरच खेकसायचे. झोप काय, कापडासारखी ओढूनताणून पुरवता येईल असं वाटलं होतं. दिवाळीनंतर ती पुरेना. उभ्या उभ्या डुलकी लागायची. एकदा गिऱ्हाइकाने कमरेचं माप विचारलं, तर मी त्याला करार कधी रद्द होतो ते सांगू लागले.

करार कायद्याच्या पेपरच्या दिवशी सकाळी पुस्तक उघडलं. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. पुस्तक मिटलं आणि ठरवलं, दुपारचा पेपर द्यायचा नाही, कॉलेज इथेच सोडायचं. पण त्याआधी ज्याच्यावर राग होता त्याला चार शब्द सुनावावेत म्हणून खरवईत आमच्या इमारतीमागे महादेवाचं लहानसं देऊळ आहे, तिथे गेले. सोमवार होता. बाहेर डोंगरातल्या वाडीवरून आलेली एक आजी बेल विकत बसली होती. सवयीने मी तिच्याशीही घासाघीस केली.

"काय गं बाय, देवाच्या बेलाला बी भाव करतेस?"

"देवाने तरी माझ्याशी कुठे सरळ व्यवहार केलाय?" मी म्हटलं.

आमच्याकडे देवाला सांगायचं ते नंदीच्या कानात सांगतात आणि त्याचा दुसरा कान हाताने झाकतात, म्हणजे ऐकलेलं बाहेर पडत नाही. मी अंगणातल्या नंदीपाशी सुनावायला म्हणून बसले, पण पेपर सोडून द्यायला मन तयार होईना, तोंडातून अटीच निघाल्या. दुपारी पेपर आहे, आधी पास कर, मग अभिषेक. आगाऊ काही मिळणार नाही. दगड गार होता. बोलता बोलता डोकं त्याच्या कानावर टेकलं, आणि पुढचं मला आठवत नाही.

मध्येच कधीतरी आवाज कानावर आले. मागे बायकांची रांग लागली होती. कोणी म्हणत होतं, "उठवा तिला, आम्हाला कामं आहेत."

"निजू द्या पोरीला," आजी दटावत होती. "पलीकडच्या कानात सांगा."

"अहो पण एक कान झाकावा लागतो!"

"मग तिचं डोकं हाय की त्या कानावर! हाताची बी गरज नाय."

हसू पिकलं. त्यानंतर पावलं हळू झाली, कुजबुज हळू झाली, आणि मी पुन्हा झोपेत बुडाले. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

खांदा हलवून आजीनेच उठवलं. ऊन वर आलं होतं आणि तिने रिकामी टोपली माझ्या तोंडावर सावलीला धरली होती. "ऊठ बाय. पेपर हाय ना तुझा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू नंदीला सांगत व्हतीस का गावाला?"

मी तिला काही देऊ केलं, तर हसून म्हणाली, "निजायचं बी पैसं घेत्यात का कोण?" आणि टोपली उचलून गेली.

डोकं धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं. मी पेपरला गेले. एक प्रश्न होता, मोबदल्याशिवाय केलेला करार वैध असतो का? सहसा नसतो, असं लिहिलं, अपवादही लिहिले, आणि लिहिता लिहिता हसू आवरेना. पर्यवेक्षक दोनदा बाकापाशी येऊन गेले. त्यांना काय सांगणार? काहीही न देता मला नुकतंच जे मिळालं होतं, ते कुठल्या कलमात बसवू?

त्या पेपरात मी पास झाले. दुसऱ्या एका विषयात एटीकेटी लागली, तोही सुटेल. ती आजी पुन्हा दिसली नाही. ती कोण, कुठली, याचा तपास मी केला नाही. मी गुण मागितले होते. मला कशाची गरज होती, ते महादेवाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, एवढं मला पुरतं.

बाजारात डोळे मिटले की माल जातो, हे मी लहान वयात शिकले आणि त्यावरच उभी राहिले. डोळे मिटल्यावरही कोणी आपल्यावर सावली धरतं, हे कळायला मात्र इतकी वर्षं लागली. आता वेळेवर पुस्तक मिटते, दिवा मालवते, आणि न झालेला अभ्यास त्याच्या हवाली करून निजते.