शिवीशिवाय काही न देणारी पणजी

मागच्या रविवारी बोरीला माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं... आणि भर मांडवात, माइक हातात असताना, मी एका बाईला शिवी घातली. मुलगा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. काय झालं ते सांगते, मग कोण चुकलं ते तुम्हीच ठरवा.

सासूबाईंचं नाव सोजरबाई. माझी नात रेवा, तिची ही पणजी. पणजीवर रेवाचा फार जीव, म्हणून पुण्याहून ती खास आली आणि पणजीच्या नावाने ऊसतोडीला निघालेल्या बायकांना ब्लँकेट्स द्यायचं ठरवलं. विचार सोन्यासारखा.

मग बॅनर लागलं. 'मृदुभाषी, सात्त्विक, शांत स्वभावाच्या दानशूर माउली'... मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मृदुभाषी? आमच्या सासूबाई? अहो, त्यांनी तोंड उघडलं की पलीकडच्या गल्लीतलं झोपलेलं कुत्रं उठून बसायचं! मजकूर म्हणे मोबाइलने लिहून दिला. सासूबाई असत्या तर त्या मोबाइलची काही धडगत नव्हती.

दानशूर मात्र शंभर टक्के. सकाळी घरात असलेली वस्तू संध्याकाळी असेलच याची खात्री नसायची. माझ्या माहेरचा कुकर असाच गेला... शिट्टीसकट. पण शिवी घातल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला काही दिलं नाही.

दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या बायका आमच्या दारावरून जायच्या. सासूबाई दबा धरून बसलेल्या. स्वतः पावसाळाभर बसून शिवलेली कोरी गोधडी एखादीच्या अंगावर फेकायच्या. "उचल गं भवाने! उंदरं लोळलेत तिच्यावर, माझ्या घरात घाण नको!"

तीही फणकारायची, "तुझी घाण काढायला मीच घावले का गं, म्हातारे?" आणि गोधडी काखेत मारून चालू पडायची. दोघीही खूश.

मी नन्सच्या शाळेत शिकलेली, पुढे जन्मभर इंग्रजी शिकवलेली. मला हे सगळं रानटी वाटायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी शेजारच्या गयाबाईला मी माझी एक चांगली साडी दिली... इस्त्री करून, गोड हसून, "तुम्हाला हरकत नसेल तर" असं म्हणून. संध्याकाळी साडी ओट्यावर परत. घडीसुद्धा मोडली नव्हती.

सासूबाईंनी ती उचलली आणि माझ्यादेखत गयाबाईच्या दारात नेऊन टाकली. "ने गं माय. आमची शहरवाली ही नेसली की पोळ्याचा बैल दिसायलीय!" गयाबाई पोट धरून हसली आणि साडी घेऊन आत गेली. मी आठवडाभर सासूबाईंशी बोलले नाही. चांगली साडी होती हो... आणि बैल कुणाला म्हणायच्या?

तर रविवारी. प्रत्येक ब्लँकेटवर नावाची चकचकीत पट्टी शिवलेली, 'कै. सोजरबाई यांच्या स्मरणार्थ'. म्हणजे पांघरून झोपायचं ते अंगावर पाटी लावून! मुलगा फोटो काढायला सज्ज. रेवाने माइकवरून पहिलं नाव पुकारलं, गयाबाईच्या सुनेचं, मंगलचं.

ती जागची हलली नाही. "आसू द्या ताई, आमच्याकडं हायेत." दुसरी म्हणाली, "एखाद्या गरिबाला द्या." तिसरीने पदर सारखा केला आणि मांडवाबाहेर बघत बसली.

दोन दिवसांनी ह्या बायका निघणार, उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहणार. थंडी पडायला लागलेली... आणि ब्लँकेट्सचा ढीग जसाच्या तसा. रेवा माझ्या कानाशी आली. "आजी, पणजीचं कुणीच काही घेत नाहीये गं." डोळे भरलेले. वर मुलाने माझ्या हातात माइक दिला. "आई, तू दोन शब्द छान बोल."

छान! छान बोलूनच तर घोळ झाला होता.

मी ढिगातलं वरचं ब्लँकेट ओढलं, नावाची पट्टी टरकन उसवली आणि ते थेट मंगलच्या मांडीवर फेकलं. "उचल गं कैदाशिणी! पोरीनं कुठून आणलंय कोण जाणे, नुसतं चावायलंय अंगाला. कुत्रं बसंना त्याच्यावर. माझ्या घरात जागा न्हाई!"

भटजींच्या हातातला लाडू हातातच राहिला. मुलाने डोळे मिटून घेतले.

मंगलने ब्लँकेट उलटंपालटं करून पाहिलं. मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हातारीवानी न्हाई जमली," ती म्हणाली. "लय कच्ची हाय शिवी... पर चालती." आणि ब्लँकेट काखेत मारलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तरीणबाई, मला बी घाला की एक!" मग काय... झुंबडच. पट्ट्या उसवून उसवून माझी बोटं दुखली. रेवालाही जागच्या जागी दोन शिव्या शिकवल्या, पोरगी हुशार आहे. जेवताना तर दोघी जणी भांडल्या, म्हातारीने जास्त शिव्या कुणाला घातल्या यावरून... आणि भांडता भांडता दोघीही पदराने डोळे पुसत होत्या.

मंगळवारी ट्रॅक्टर निघाले. मंगल ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसली होती, लेक मांडीवर. मला बघून ओरडली, "मास्तरीणबाई, उन्हाळ्यात येऊस्तोवर जरा बऱ्या शिव्या पाठ करून ठेवा!"

जन्मभर मी पोरांना गृहपाठ दिला. मला कुणी दिला तो हा पहिलाच. सासूबाई, तुमच्या माणसांनी मला तुमच्या वर्गात बसवून घेतलं... मनापासून आभार.