कमी भाजलेली वीट

बोअरच्या पाण्यात फ्लोराइड होतं. त्या पाण्याने थोरल्या नातीच्या दातांवर तपकिरी डाग पडले, ते काही केल्या जाईनात. धाकटीचे दुधाचे दात अजून पडायचे होते. निदान तिचे तरी वाचावेत म्हणून म्हातारा गवंडी इरेला पेटला. विटांचे तुकडे फ्लोराइड धरून ठेवतात, असं पाणी तपासणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं.

त्याने विटा निवडल्या त्या आयुष्यभर निवडल्या तशाच, एकमेकींवर वाजवून, खणखणीत. त्या फोडल्या, चाळल्या, धुतल्या आणि पिंपात भरल्या. हात भरून आले. वरून ओतलेलं बोअरचं पाणी खाली गळलं, त्यात ताईंनी औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे फ्लोराइड तसंच होतं.

"अहो, भिंत बांधायचीय का?" बायको म्हणाली. "पाणी पिणारी वीट तुम्ही जन्मभर फेकलीत. इथे तीच लागत असेल."

"पोचट वीट कधी हातात धरली नाही मी."

"मग आता धरा. कुणी बघत नाही."

ताईंनीही मान डोलावली. तो भट्टीवर गेला, कमी भाजलेल्या विटा आणल्या आणि सगळी मेहनत पहिल्यापासून केली. या खेपेला थेंब पडले आणि पाणी गुलाबी झालं. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो पिंपाशेजारीच फतकल मारून बसला.

"आजोबा, माझे दात पांढरे येणार?" धाकटीने विचारलं.

"येतील. घासायचे मात्र तुलाच."